मेजवानी कोणाची?

गेल्या उन्हाळ्यात मी चंद्रपुरात एका भलत्याच लग्नात जेवून आलो, आणि त्या धक्क्यातून अजून सावरलेलो नाही. शेजारी-शेजारी दोन लॉन, दोन्हीकडे सारखाच झगमगाट, सारखीच गाणी. मी एका फाटकातून शिरलो. ‘शाही मेजवानी’ अशी पाटी होती, तिच्याखाली प्लेट घेतली, रांगेत लागलो, वांग्याची भाजी घेतली, पनीर घेतलं, जिलबी घेतली, एका कोपऱ्यात उभ्याने खाल्लं. हात धुऊन बाहेर येताना नवरदेवाचं नाव वाचलं. आयुष्यात कधी ऐकलेलं नव्हतं! माझं आमंत्रण शेजारच्या लॉनवरचं होतं. मी जेवलो, तृप्त होऊन निघालो, आणि तेवढ्या वेळात ‘तुम्ही कोण, कुठले, जेवलात का’ असं विचारायला एक माणूस पुढे आला नाही.

घरी येऊन सांगितलं तर सगळे खो खो हसले. माझी सून मात्र हसली नाही. ती उर्दू शाळेत शिकवते. म्हणाली, “मग ती मेजवानी झालीच कुठे?”

मी म्हटलं, पाटीवर तर तसंच लिहिलं होतं. मला आजवर वाटे, मेज म्हणजे टेबल, साहेबलोक टेबलावर जेवत, म्हणून मेजवानी. सुनेने कोश काढला. मूळ शब्द फारसी, मेजबान. पाहुण्याला बोलावून खाऊ घालतो तो मेजबान, आणि त्याचं ते काम म्हणजे मेजबानी. मराठीत येताना त्यातल्या ‘ब’चा ‘व’ झाला, जसा दरबानचा दरवान झाला आणि बागबानचा बागवान. ‘बान’ म्हणजे राखणारा. दरवान दार राखतो, बागवान बाग राखतो. मग मेजवान काय राखतो? त्या ‘मेज’बद्दल जाणकारांचं एकमत नाही म्हणे. कोणी टेबलच धरतात, तर कोणाच्या मते फार जुन्या भाषेत पाहुण्यापुढे किंवा देवापुढे ठेवलेल्या अन्नाला तसा काही शब्द होता. काही का असेना, ज्या शब्दावर मी उभी हयात पोट भरलं त्यात बुंदी नाही, वांगी नाहीत, पुऱ्या नाहीत, हे मला म्हातारपणी कळलं. त्यात फक्त एक यजमान उभा आहे. मी सुन्न झालो. कारण त्या क्षणी मला आलापल्लीच्या रस्त्यावरच्या एका गावातलं जेवण आठवलं, ज्याचा यजमान नेमका कोण, हे मला सगळं आटोपल्यावर कळलं होतं.

माझा धंदा बिछायतीचा. आमच्याकडे मांडव, सतरंज्या, कनाती, भांडी भाड्याने देणाऱ्या दुकानाला बिछायत केंद्र म्हणतात. मेटाडोर भरायची आणि निघायचं. एकीकडे चिमूर, दुसरीकडे भामरागड, एवढा मुलूख मी या कामात पालथा घातला. आचारी आपापले येत; मांडव, भट्टीचे खड्डे, पाण्याचे ड्रम, पंगतीच्या ओळी हे माझं खातं. लोकांना वाटतं, लग्नात सगळ्यात अवघड काम आचाऱ्याचं. तसं नाही. भात शिजतोच. अवघड असतं ते माणसं एकाच वेळी खाली बसवणं. कोणी रुसलेला असतो, कोणाला खांबाजवळ बसायचं नसतं, कोणाला भावकीतल्या अमक्याच्या ओळीत बसणं म्हणजे मरण वाटतं. आलापल्लीच्या एका सागवान डेपोतल्या बाबूने निवृत्त झाल्यावर जेवण दिलं, तेव्हा प्रत्येकाला बसायला सागाचाच पाट पाहिजे म्हणून हट्ट धरला. आम्ही गावभर पाट गोळा करत हिंडलो. शेवटी बाबूसाहेब स्वतः पोत्यावर बसून जेवले, पण पाहुण्यांना पाट मिळाले. तऱ्हेवाईक माणूस, पण मला फार आवडला.

भामरागडच्या बाजूला एकदा साखरपुड्याच्या दिवशी नदी फुगली. आमची गाडी या काठावर, पाहुणे त्या काठावर. मुलीचा बाप डोंग्यातून येऊन आमच्यासमोर हात जोडून उभा राहिला. “जेवन मंग होईन जी, पन तुमी उपाशी हा का?” असं विचारायला तो फुगलेली नदी ओलांडून आला होता! मी त्याला शिव्या घातल्या आणि मग रडलो.

तर आता ते आलापल्लीच्या रस्त्यावरचं गाव. नाव सांगत नाही. माणसांची नावंही बदलली आहेत. ज्याच्यापासून ही गोष्ट लपवायची होती तो आता या जगात नाही, म्हणून लिहितो.

त्याला तुळशीराम म्हणू. धानाची मोठी शेती, गावात वजन, बोलणं चढ्या आवाजात. एकुलत्या एका मुलीचं, प्रीतीचं, लग्न होतं आणि त्याने चूलबंद आवतन दिलं होतं. आवतन म्हणजे जेवणाचं बोलावणं. साधं आवतन असलं तर घरातला एखादा माणूस जेवून येतो. चूलबंद आवतन असलं तर त्या दिवशी गावात कोणाच्याच घरी चूल पेटायची नाही. सकाळी गावचा कोतवाल कुंकू-तांदळाचं ताट घेऊन दारोदार फिरतो, “चूलबंद आवतन हाये, लेकराबाळासकट या” म्हणतो, आणि त्या दारातली चूल थंड होते. यात मोठेपणा आहे तसा धोकाही आहे. सगळं गाव तुमच्या भरवशावर उपाशी बसलेलं असतं. आणि एक नियम असा की, हे आवतन घराला नसतं, चुलीला असतं. दोन भाऊ एका आवारात राहत असले आणि चुली वेगळ्या असल्या, तर ताट दोन्ही चुलींपुढे गेलं पाहिजे.

लग्न संध्याकाळचं होतं, गावपंगत दुपारची. वऱ्हाड चिमूरकडून सकाळीच येऊन उतरलं होतं आणि वरबाप गावकऱ्यांबरोबर पहिल्याच पंगतीला बसला होता. पळसाच्या पत्रावळी मांडल्या, वरण-भात, वांग्याची भाजी, पुऱ्या, बुंदी, कढी वाढून झाली. तुळशीराम मधोमध उभा राहून म्हणाला, “घ्या जी, होऊ द्या सुरू.”

कोणी हात लावला नाही.

आधी मला वाटलं मीठ राहिलं. मी धावत ओळीच्या टोकाला गेलो. तिथे डोमाजी नावाचा गावातला सगळ्यात म्हातारा माणूस बसला होता. त्याने पत्रावळीवरून हात मागे घेतला होता आणि तो मांडवाच्या झालरीखालून बाहेर बघत होता.

“काय झालं, बाबा?” मी विचारलं.

“धूर दिसून राह्यला,” तो म्हणाला.

गावाच्या कडेला, मोहाच्या झाडांपलीकडे, एका कौलारू घरामागून धूर निघत होता. चांगला जाड, पांढरा धूर. तो सगळ्या पंगतीने पाहिला होता. गावात एक चूल पेटलेली असताना चूलबंद जेवणाचा घास कोणी उचलत नाही, कारण त्याचा अर्थ एकच, कोणाला तरी टाकून आपण जेवतो आहोत. इतक्या वर्षांत मी असं कधी पाहिलं नव्हतं. भट्टीवर भात, कढईत पुऱ्या, दुसऱ्या पंगतीची माणसं बाहेर उन्हात उभी, लहान पोरं रडायला लागलेली, आणि समोर बसलेली माणसं मांडीवर हात ठेवून.

तुळशीरामचा चेहरा काळा पडला. त्याने कोतवालाला जवळ बोलावून दबक्या आवाजात काही सांगितलं. कोतवाल ताट घेऊन पळाला आणि आला तसाच परत आला.

“नाई म्हनते,” तो सगळ्यांदेखत बोलला. “म्हनते, पंगत बसल्यावर देतेत ते आवतन नसते.”

“पानी टाका तिच्या चुलीवर!” तुळशीराम ओरडला. “जा रे कोनी!”

एकही माणूस उठला नाही. डोमाजी खाली बघतच म्हणाला, “चूल विझवाची तं आवतन देऊन विझवाव लागते, तुळशीराम. दंडेलीनं नाई.”

मी डोमाजीच्या कानाशी वाकून विचारलं, “कोण राहतं तिथे?”

त्याने माझ्याकडे असं पाहिलं, जणू विचारत होता की एवढंही माहीत नसताना मी मांडव कसा घातला. “अनुसया,” तो म्हणाला. “नवरीची माय.”

मी हादरलो. आठवडाभर मी त्या घरी येत-जात होतो. नवरीची आई म्हणून मंदाबाईंशीच बोलत होतो. भाज्यांचं, पाण्याचं, बायकांच्या पंगतीचं सगळं त्याच ठरवत होत्या. डोमाजीने चार वाक्यांत सांगितलं ते असं. अनुसया पहिली बायको. प्रीतीनंतर तिला मूल झालं नाही. वारस पाहिजे म्हणून तुळशीरामने मंदाला आणलं. तिलाही मुलगा झाला नाही, पण तोवर अनुसयाची चूल गावकडेच्या घरात वेगळी झाली होती आणि लेक मोठ्या घरात राहिली होती. कायदा यावर काय म्हणतो ते वकिलांनी पाहावं. वेगळी चूल, म्हणजे ताट तिच्या दारी जायला पाहिजे होतं. तुळशीरामने कोतवालाला सांगितलं, ती घरचीच आहे, तिला कसलं आवतन. आणि घरात सांगितलं, ती वेगळी निघाली, तिचं मांडवात काय काम. पोरीची सख्खी आई दोन्हींच्या मध्ये पडली होती.

डोमाजीचा आवाज म्हातारा असला तरी बारीक नव्हता. दोन पत्रावळी सोडून बसलेल्या वरबापाने सगळं ऐकलं. तो उठून उभा राहिला. मी मनात म्हटलं, मोडलं लग्न.

“पोरीची माय जिवंत हाये,” तो तुळशीरामला म्हणाला, “अन् आमाले सांगतलं काऊन नाई?”

तुळशीराम म्हणाला, “सांगनारच होतो, पन...”

“कवा? नातू झाल्यावर?” वरबाप म्हणाला आणि परत खाली बसला. “ते बाई आल्याबिगर मी हात लावत नाई. मंग लग्नाचं पाहू.”

तेवढ्यात घरातून प्रीती बाहेर आली. अंगाला हळद, कपाळाला मुंडावळ्या. आमच्याकडे हळद लागलेली पोर मांडवाची हद्द ओलांडत नाही. बायका “नोको व, नोको” करत मागे धावल्या. तिच्यामागून मंदाबाई आल्या. मला वाटलं, आता ही पोरीला मागे ओढणार. तिने कोतवालाच्या हातातलं कुंकवाचं ताट काढून प्रीतीच्या हातात दिलं आणि मागे फिरली. मला तिचा संताप आला. आपल्या अंगावरचं झटकून लेकीच्या डोक्यावर टाकते, असं मला वाटलं. तुळशीराम लेकीला अडवायला पुढे झाला, पण वरबाप आपल्याकडे बघतो आहे हे पाहून जागीच थांबला.

डोमाजीने मला कोपराने ढोसलं. “रशीदभाऊ, तुमी जा तिच्या संगं. तुमी ना घरचे, ना गावचे, ना वऱ्हाडाचे. साक्षीले चांगले.”

दुपारचं ऊन डोक्यावर, पुढे हळदीच्या अंगाची नवरी अनवाणी, मागे मी. वाटेतल्या सगळ्या घरांच्या चुली थंड. ते घर आलं. अनुसयाबाई दारातच उभ्या होत्या. उंच, वाळलेल्या, धुतलेलं लुगडं नेसलेल्या. लेकीला त्या रूपात बघून त्यांचा हात आपोआप पुढे आला आणि मग त्यांनी तो मागे घेतला.

प्रीतीने ताट पुढे धरलं. कोतवाल म्हणतो तेच शब्द ती म्हणाली, “चूलबंद आवतन हाये, माय. जेवाले चाल.”

“कोन म्हनून येऊ?” अनुसयाबाई म्हणाल्या. आवाज चढलेला नव्हता. “घरची असती तं आज सकाळपासून तुह्या मांडवात उभी असती. गावची असती तं सकाळीच कुकू माह्या दारात आलं असतं. मी घरची नाई, गावची बी नाई. मंग मी कोनाची होवो, ते तं सांग.”

“तू माही,” प्रीती म्हणाली, आणि तिथेच उंबऱ्यावर मटकन बसून हमसून हमसून रडली.

मी दुसरीकडे तोंड फिरवलं. अनुसयाबाई घरामागे गेल्या. पाणी पडल्याचा चर्र आवाज आला. मग त्या आल्या, पोरीच्या कपाळावरची घसरलेली मुंडावळी नीट केली, पदराने तिचं नाक पुसलं आणि म्हणाल्या, “चाल. लोकं उपाशी हायेत.”

मांडवात आल्यावर मी त्यांच्यासाठी पत्रावळ मांडली. त्यांनी तिच्याकडे पाहिलंही नाही. सरळ भट्टीकडे गेल्या, वांग्याच्या भाजीची बादली उचलली आणि डोमाजीपासून सुरुवात केली. “बसा जी. सावकास जेवा. काई लागलं तं सांगा.” वरबापापुढे आल्या तेव्हा तो अर्धा उठला. त्यांनी त्याला हाताने खाली बसवलं आणि पत्रावळीवर भाजी वाढली. तो म्हणाला, “माय, घास घेऊ का?” व्याह्याला म्हणावं तसं त्या म्हणाल्या, “घ्या, इवाही.” आणि सगळ्या पंगतीचे हात एकदम पानाला लागले. तुळशीराम पाण्याच्या ड्रमाजवळ खांब धरून उभा होता. त्याला कोणी काही विचारलं नाही, आणि मला वाटतं, तेच त्याला जास्त लागलं.

लग्न झालं. मंगलाष्टकांना अनुसयाबाई नवरीच्या मागे उभ्या होत्या. मंदाबाई कुठे होत्या ते मी बघितलंही नाही. खरं सांगायचं तर मला बघायचंही नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी वरात गेल्यावर आम्ही मांडव सोडायला घेतला. अनुसयाबाई भांड्यांपाशी बसून गंज, म्हणजे मोठी पातेली, घासत होत्या. मी म्हटलं ठेवा हो बाई, ते आमचं काम आहे, तरी उठेनात. मला राहवलं नाही. म्हटलं, “तुमच्या हिमतीची दाद द्यावी लागेल. चूल पेटवली नसती, तर तुम्हाला कोणी विचारलं नसतं.”

त्या घासायच्या थांबल्या. आजूबाजूला पाहिलं. तुळशीराम वऱ्हाडाला गावाच्या शिवेपर्यंत सोडायला गेला होता. “चूल मी नाई पेटवली जी,” त्या म्हणाल्या.

“मग कोणी?”

“मी तं पहाटेच पानी टाकलं होतं चुलीत. म्हनलं, लेकीचं लगन हाये, उपाशी राहीन, पन आपल्या धुरानं तिच्या मांडवाले गालबोट नोको. घरात दार लावून बसली होती. परसात आवाज आला म्हनून पायले गेली, तं हे बसली होती फुंकत. डोळ्यातून पानी काढून राह्यली होती. वरून कडूनिंबाच्या ओल्या डगाली टाकत होती, धूर चांगला दिसाव म्हनून.”

“ही कोण?”

त्यांनी राखेच्या हाताने दाखवलं. पलीकडे ड्रमाजवळ मंदाबाई पुऱ्यांची कढई विसळत होत्या.

मी खरंच मटकन खाली बसलो, उपड्या गंजावर. आदल्या दुपारचं सगळं माझ्या डोक्यात उलटंपालटं झालं. पंगत वाढायला घेतली तेव्हा मंदाबाई मांडवात नव्हत्या. ताट प्रीतीच्या हातात दिलं तेव्हा त्यांचे डोळे लाल होते आणि मी त्याला कांद्याचा गुण समजलो होतो. मी माणसं ओळखतो अशी माझी घमेंड होती, ती त्या सकाळी उतरली.

मंदाबाईंनी आमच्याकडे पाहिलं, आणि काय बोलणं झालं ते त्यांना कळलं. कढई टाकून आल्या, उकिडव्या बसल्या. “महिनाभर सांगतलं त्याईले,” त्या म्हणाल्या. “ताट पाठवा, ताट पाठवा. माह्यावर हात उचलला. माह्या तोंडचं त्या घरात कोनी आयकत नाई, भाऊ. धूर तं साऱ्या गावाले दिसते ना.”

“अन् तुम्ही?” मी अनुसयाबाईंना विचारलं. “सगळ्या गावाने तुम्हाला बोल लावला असता. तुम्ही म्हणाला का नाही, की मी पेटवली नाही म्हणून?”

त्यांनी मंदाबाईंच्या कपाळावरची काजळी आपल्या ओल्या बोटाने पुसली. मग माझ्याकडे वळून आवाज अगदी खाली आणला.

“तुमी बी कोनाले सांगू नोका, भाऊ. या घरची एक चूल वेगळी झाली, तेवढी पुरे.”